तीन लोंब्यांचा हिशेब



सकाळी साडेसहा-सातची वेळ. सिहोऱ्याच्या बसस्टॉपवर तुम्ही उभे आहात. पाठीला सॅक, हातात मोबाईल, डब्यात भात-भाजी. तुमसरची बस यायची आहे. तेवढ्यात ओळखीचे एक काका सायकल थांबवतात आणि तो ठरलेला प्रश्न विचारतात, "काय करून रायला बाबू सध्या? पुढं काय ठरवलं?"

तुमचं उत्तरही ठरलेलं असतं. "बी.ए. सेकंड इयरला आहो. सोबत भरतीची तयारी सुरू आहे." कुणी म्हणतं एमपीएससी, कुणी नर्सिंग, कुणी आयटीआय करून मॉयलच्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीत लागतं का बघतो म्हणतं. काका मान डोलावून पुढे जातात, बस येते, विषय संपतो.

पण खरंच संपतो का? खिडकीशी जागा मिळाली आणि बाहेरच्या बांध्या मागे पळू लागल्या की मनात एक वेगळाच प्रश्न डोकं वर काढतो. आपण जे सांगितलं ते आपल्याला खरंच हवंय, की काकांनी विचारलं म्हणून काहीतरी सांगायचं होतं? आणि हवं असेल, तर काल दिवसभरात आपण त्यासाठी नेमकं काय केलं?

आजचं हे पान त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. ध्येय कसं ठरवावं यावर भाषणं पुष्कळ आहेत. 'मोठी स्वप्नं बघा' हे तुम्ही दहावीच्या निरोप समारंभापासून ऐकताय. त्यात आम्ही भर घालणार नाही. त्यापेक्षा तुमच्या डब्यातल्या भाताची गोष्ट सांगतो.

डब्यातला भात

आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात 'एचएमटी' हे नाव माहीत नाही असं घर सापडायचं नाही. बारीक दाणा, खायला मऊ, बाजारात मागणी. बाजार समितीत, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत हे नाव कानावर येतं. पण घड्याळाच्या कंपनीचं नाव तांदळाला कसं लागलं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हे आपल्या धानपट्ट्यातलं. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. शेती जेमतेम दीड एकर. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आज जे आहे, त्यापेक्षाही कमीच.

१९८३ साली त्यांनी शेतात 'पटेल-३' नावाचा धान लावला होता. धान निसवल्यावर बांधीतून फिरताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा, ठेवण वेगळी. आता विचार करा, अशा वेळी आपण काय केलं असतं? भेसळ बियाणं आलं म्हणून दुकानदाराला दोन शिव्या घातल्या असत्या आणि सगळं एकत्र कापून चुरून टाकलं असतं. दादाजींनी त्या तीन लोंब्या वेगळ्या काढल्या आणि त्यांचं बी जपून ठेवलं.

पुढच्या हंगामात ते बी शेतातल्या एका लहानशा तुकड्यात वेगळं लावलं. जनावरांनी खाऊ नये म्हणून जपलं. कापलं वेगळं, वाळवलं वेगळं, ठेवलंही वेगळं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. धानाचं पीक बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे वेगळं निघालेलं झाड नीट निवडत गेलं, तर काही पिढ्यांत तो गुण पक्का होतो. पण त्यासाठी प्रत्येक वर्षी प्रत्येक झाड नजरेखालून घालावं लागतं आणि जे मूळ गुणाचं नाही ते काढून टाकावं लागतं. आणि यात घाई चालत नाही. खरिपाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. रात्रभर जागून अभ्यास करून परीक्षा निघते, पण रात्रभर जागून धानाची पुढची पिढी उगवत नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बी वाढलं, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मागून नेलं, पीक चांगलं आलं. १९९०च्या सुमारास हा धान बाजारात विकायला आला, तेव्हा व्यापाऱ्यांना नाव हवं होतं. त्या काळात एचएमटीचं घड्याळ म्हणजे शान. तेच नाव धानाला चिकटलं. पुढे हा वाण महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांतही पसरला. दादाजी तिथे थांबले नाहीत. नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके असे आणखी वाण त्यांनी निवडले. सगळे मिळून नऊ. दीड एकरात.

त्यांचं ध्येय काय होतं?

इथे जरा थांबू. १९८३च्या त्या दिवशी दादाजींना कुणी विचारलं असतं, "तुमचं पुढच्या वीस वर्षांचं ध्येय काय?", तर 'मी धानाचे नऊ वाण शोधणार' असं उत्तर त्यांनी दिलं असतं का? शक्यच नाही. त्यांना तसं काही ठाऊकच नव्हतं. त्यांच्याकडे होती ती एक सवय: पिकाकडे नीट बघायची. आणि एक आस्था: जे वेगळं आहे ते फेकायचं नाही, आधी समजून घ्यायचं. त्या सवयीतून आणि आस्थेतून ध्येय नंतर उगवलं.

आपण नेमकं उलटं करतो. एकोणिसाव्या वर्षी आपल्याकडून पक्क्या ध्येयाची अपेक्षा असते. ते सापडलं नाही की आपण घाबरतो, आणि घाबरून शेजारच्या मुलाचं ध्येय उचलतो. तो पोलीस भरतीला पळतो म्हणून आपणही पळतो. ती डी.एड. करते म्हणून आपणही फॉर्म भरतो.

ध्येय आणि मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धा गोंधळ मिटतो. ध्येय गाठता येतं आणि चुकतं सुद्धा. पीएसआय झालो, संपलं. नाही झालो, तरी संपलं. मूल्य गाठून संपत नाही. 'अन्याय दिसला तर मध्ये पडणं', 'हातातलं काम नीट करणं', 'ज्ञान वाटणं', 'घरच्यांना आधार देणं' या गोष्टी एखाद्या तारखेला पूर्ण होत नाहीत. त्या रोज कराव्या लागतात. आणि त्यासाठी कुणाच्या निवड यादीची वाट बघावी लागत नाही.

म्हणून काकांनी विचारलेल्या 'काय व्हायचं?' या प्रश्नाच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: 'कशासाठी?' समजा तुम्हाला पीएसआय व्हायचंय. कशासाठी? वर्दीच्या रुबाबासाठी? पक्क्या पगारासाठी? गावात कुणीतरी दडपलं जाताना बघितलं म्हणून? तिन्ही उत्तरं खरी असू शकतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पक्का पगार हे कमी दर्जाचं कारण नव्हे. ज्या घरात कर्ज आहे त्या घरात ते सगळ्यात मोठं कारण असू शकतं. पण कारण कोणतं ते माहीत असलं की वाटा वाढतात. पगारच हवा असेल, तर तो देणाऱ्या दहा वाटा आहेत, फक्त ही एक नाही. दडपलेल्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं असेल, तर वकील, पत्रकार, ग्रामसेवक, शिक्षक होऊनही ते होतं. पद हुकलं तरी कारण शिल्लक राहतं.

आता कडू भाग

दादाजींची गोष्ट इथे संपवली असती तर ती छान प्रेरणादायी झाली असती. पण ती अर्धवट ठरली असती आणि आम्हाला तुम्हाला अर्धवट काही सांगायचं नाही.

१९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या माणसांनी दादाजींकडून या धानाचं पाच किलो बी प्रयोगासाठी नेलं. १९९८मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने विद्यापीठाचा वाण बाहेर आला. विद्यापीठाचं म्हणणं होतं, की मूळ बियाणं शुद्ध करून हा वाण तयार केला. दादाजींची खंत होती, की मूळ वाण निवडणाऱ्याला श्रेय मिळालं नाही. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची दखल घेतली. २००५मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१०मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण भारतातल्या कल्पक लोकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. नाव झालं, पण घरची ओढाताण काही सुटली नाही. अखेरच्या दिवसांत आजारपण आलं, पैशांची चणचण होती. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या 'सर्च'च्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

म्हणजे मूल्यांप्रमाणे जगलं की सगळं चांगलंच होतं, असं नाही. हे आम्ही तुम्हाला आजच सांगून ठेवतो. मूल्य हे बक्षिसाचं कूपन नाही.

मग प्रश्न येतो, अशाने कुणी का जगावं? याचं उत्तर तुमचं तुम्हाला शोधायचंय, पण शोधताना दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली. कामाचा मोबदला तीन प्रकारे मिळतो: पैसा, नाव आणि खुद्द ते काम. दादाजींना पैसा कमी मिळाला, नाव उशिरा मिळालं. पण तिसरा मोबदला त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. एचएमटीनंतरही ते पुढचे वाण निवडत राहिले, ते कशाच्या जोरावर? कुठलंही ध्येय ठरवताना स्वतःला विचारा: यातला पैसा उशिरा आला, नाव आलंच नाही, तरी हे काम करताना माझा दिवस बरा जाईल का? उत्तर 'नाही' असेल तर ते ध्येय वाईट ठरत नाही. फक्त ते तुम्हाला किती वर्षं पुरेल, याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूल्य जपणं म्हणजे भोळं राहणं नव्हे. बी वाटणं हा दादाजींचा मोठेपणा होता, पण त्या कामाची नोंद, हक्क, कागद सांभाळायला त्यांच्याजवळ कुणी शिकलेलं माणूस हवं होतं. आपल्या देशात २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. शेतकऱ्याने निवडलेला वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो, ही तरतूद त्यात आहे. आपल्या गावांत किती जणांना हे ठाऊक आहे? तुम्ही कॉलेजात जाता, फॉर्म भरता, इंटरनेट वापरता. गावातल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याच्या, बांबूकाम करणाऱ्या कारागिराच्या, झाडीपट्टीतल्या दंडारीच्या कलावंताच्या कामाची नोंद करून देणं हे तुमचं काम का असू नये? स्वतःच्या कामाचंही तसंच. प्रोजेक्ट केला, कविता लिहिली, मशीन दुरुस्त करायची नवी युक्ती शोधली, तर तारीख घालून लिहून ठेवा.

मोठं ध्येय लहान कामात उतरतं तेव्हा

ज्या 'सर्च'च्या रुग्णालयात दादाजी अखेरीस होते, त्या संस्थेचीही गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघे नागपूरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६मध्ये गडचिरोलीत कामाला लागले. तेव्हा तिथे हजार बालकं जन्मली तर त्यांतली १२१ पहिला वाढदिवस बघत नसत. 'बालमृत्यू कमी करणं' हे केवढं मोठं ध्येय. अशा ध्येयाकडे बघून माणूस हबकून बसेल.

पण ते रोजच्या कामात कसं उतरलं बघा. गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ जन्मलं की घरी जायचं. त्याचं वजन करायचं. त्याला ऊब मिळते का बघायचं. मिनिटात श्वास किती ते मोजायचं. धोक्याची खूण दिसली तर काय करायचं ते ठरलेलं. एवढंच, पण प्रत्येक घरी आणि न चुकता. त्यातून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात, हे त्यांनी दाखवलं. १९९९मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज तुमच्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघते ना, त्या कामाचं मूळ इथे आहे.

याच संस्थेत २००६पासून 'निर्माण' नावाचा उपक्रम चालतो. 'माझ्या आयुष्याचं मी काय करू?' या प्रश्नाशी झगडणाऱ्या तरुणांसाठीच तो आहे. म्हणजे हा प्रश्न पडणारे तुम्ही एकटे नाही, आणि तो पडणं हा आजारही नाही.

या गोष्टीतून एक कसोटी मिळते. तुमचं ध्येय कागदावर लिहा. मग विचारा: 'हे ध्येय असलेला माणूस मंगळवारी सकाळी दहा वाजता काय करत असेल?' उत्तर देता आलं तर ते ध्येय आहे. देता आलं नाही तर ती अजून नुसती इच्छा आहे. 'मला समाजासाठी काहीतरी करायचंय' ही इच्छा झाली. 'आमच्या टोलीवरच्या चार पोरांना दर रविवारी गणित शिकवतो' हे ध्येयाकडे पडलेलं पाऊल.

एक आठवडा, एक वही

आता तुमच्याकडे वळू. एक साधा प्रयोग करा. पंधरा रुपयांची वही घ्या. पहिल्या पानावर तीनच ओळी लिहा, मला कशाची खरी किंमत वाटते त्याच्या. 'यश', 'प्रगती' असे गुळगुळीत शब्द नकोत. आपल्या बोलीत लिहा. 'बाबांच्या डोक्यावरचं कर्ज', 'कुणापुढे लाचार न होणं', 'पाखरं-झाडं', जे असेल ते.

मग सात दिवस, रात्री झोपताना, दिवसभराचे तास लिहा. कॉलेज किती, प्रवास किती, शेतात किती, घरकाम किती, मोबाईल किती. मोबाईलचा आकडा अंदाजाने लिहू नका, सेटिंगमध्ये जाऊन बघा. अंदाज आणि आकडा यांत किती अंतर असतं ते बघून तुमचं तुम्हालाच हसू येईल. आठव्या दिवशी पहिल्या पानावरच्या तीन ओळी आणि सात दिवसांचे तास शेजारी ठेवा. ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त किंमत देता, त्याला तास किती मिळाले?

इथे एक सूचना. हा हिशेब स्वतःला फटके मारायला नाही. विशेषतः मुलींनी हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोवणीच्या दिवसांत आईबरोबर चिखलात उभं राहायचं, घरी येऊन चूल बघायची, धाकट्याचा अभ्यास घ्यायचा आणि मग आपलं पुस्तक उघडायचं. ज्या मुलीचा दिवस असा जातो, तिला 'वेळेचं नियोजन कर' असं सांगणं सोपं आहे. पण तिच्या दिवसात नियोजन करायला तिच्या मालकीचे तास आहेत किती? तिची वही घरात वाचून दाखवली पाहिजे. भावाने आणि वडिलांनी ती ऐकली पाहिजे. भांडी विसळायला भावाला वीस मिनिटं लागतात आणि बहिणीला ती वीस मिनिटं परत मिळतात. 'आमच्या घरी मुलगा-मुलगी समान' हे मूल्य खरं आहे की भिंतीवरचं, हे त्या वीस मिनिटांत कळतं. मुलांनो, तुमच्या वहीतली ही पहिली नोंद असू द्या.

सहासष्ट दिवस आणि एक बस

हिशेब झाला, आता बदल. इथे बहुतेक जण एक चूक करतात. सोमवारपासून पहाटे चारला उठणं, दहा तास अभ्यास, मोबाईल बंद, रनिंग सुरू, सगळं एकदम. गुरुवारपर्यंत दम संपतो आणि 'आपल्याच्यानं होत नाही' हा शिक्का आपणच आपल्यावर मारतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता. एखादी नवी गोष्ट रोज केली तर ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? सरासरी निघाली ६६ दिवस. पण कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. '२१ दिवसांत सवय लागते' हे जे मोबाईलवर फिरतं, त्यावर फार विसंबू नका. आणि त्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट ही, की मध्ये एखादा दिवस हुकला म्हणून सवय मोडली असं झालं नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचं.

दुसरी युक्ती पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून आलेली. 'मी वाचन वाढवीन' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे काय? 'बस सुटली की पहिली वीस मिनिटं मोबाईल सॅकमध्ये आणि इंग्रजीची दोन पानं.' 'संध्याकाळी हातपाय धुतले की आधी गणिताची पाच उदाहरणं, मग चहा.' ठिकाण ठरलं, वेळ ठरली, आता रोज नव्याने मनाशी कुस्ती खेळायची गरज नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक गोष्ट आणखी. यूपीएससीने स्वतःच मर्यादा घातलीय: खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न, ओबीसींना ३५ पर्यंत नऊ. आयोग थांबायचं कधी ते सांगतो, पण ती त्याची शेवटची रेघ झाली. तुमची रेघ तुम्ही आधीच ठरवा आणि वहीत तारीख घालून लिहा. 'अमुक वर्षापर्यंत पूर्ण जोर लावीन, तोवर सोबत अमुक काम शिकून ठेवीन, मग वळीन.' नागपूर-पुण्याच्या खोल्यांमध्ये पाच-सहा वर्षं काढून, घरी काय सांगायचं या भीतीने न परतणारी मुलं आपल्या ओळखीत आहेत. त्यांच्या कष्टात खोट नव्हती. रेघ कुणी आखून दिली नव्हती आणि त्यांनीही आखली नाही. ठरवून वळणं आणि हरणं यांत फार फरक आहे. दादाजी दरवर्षी बांधीतून नको ती झाडं उपटून काढत. ती काढली म्हणूनच वाण शुद्ध राहिला. चुकीचं ध्येय वेळेवर उपटणं हाही शेतीचाच भाग.

पाणी असतं तेव्हा

शेवटी आपल्याच परिसरातली एक गोष्ट. चांदपूरचं जलाशय तुम्ही बघितलंय. हनुमानाच्या दर्शनाला गेलात तर टेकडीवरून ते दिसतं. त्यात सोंड्याटोल्याच्या उपसा सिंचनाचं पाणीही येतं. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा पंप चालले तर जलाशय भरतं. नदी उतरल्यावर पंपाजवळ कितीही उभं राहिलं तरी वर काय चढणार? म्हणून दर पावसाळ्यात आपल्याकडे एकच चौकशी असते, 'पंप सुरू झाले का?' पुढच्या सिंचनाची चिंता भर पावसात करावी लागते, हे आपल्या बापजाद्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तुमच्या आयुष्यातली नदी सध्या भरून वाहतेय. डोकं ताजं आहे, अंगात बळ आहे, रात्री उशिरा झोपून सकाळी बस पकडता येते, चूक झाली तर दुरुस्त करायला वर्षं आहेत. हे पाणी कायम राहत नाही. आम्ही चाळिशीपलीकडचे लोक हे थोडं अनुभवाने सांगतो. सगळी नदी उपसायची गरज नाही. रोज थोडं, पण वर चढवत राहा.

सध्या सिहोऱ्याच्या आसपास धान निसवलाय. उद्या बसमधून न बघता एकदा धुऱ्यावरून चालत जा. एखाद्या बांधीत तुम्हाला वेगळी लोंबी दिसेल, कदाचित दिसणारही नाही. दादाजींनाही ती रोज दिसत नव्हती. पण ते रोज बघत होते.

आणि पुढच्या वेळी काकांनी सायकल थांबवून विचारलं, "पुढं काय ठरवलं बाबू?", तर तुमच्याकडे पक्कं उत्तर नसलं तरी चालेल. सरळ सांगा, "काका, ठरवून रायलो. पण आज काय करायचं ते ठरलंय."

तेवढं जरी खरं असलं, तरी बस योग्य दिशेने निघाली असं समजा.